पार्ट मागवलाय

गॅरेजवाल्याच्या बायकोला खोटं बोलायला शिकावं लागत नाही, ते आपोआप अंगवळणी पडतं. काउंटरवरचा फोन माझ्याकडे असतो. पलीकडून विचारणा होते, "ताई, गाडी झाली का?" आणि गाडीला अजून पानाही लागलेला नसतो. मी अगदी मनापासून सांगते, "पार्ट मागवलाय हो, येतोय." ह्यात कुणाचं काही बिघडत नाही. पार्ट कुठूनही येत नाहीये हे गिऱ्हाइकाला ठाऊक असतं, आणि त्याला ठाऊक आहे हे मला ठाऊक असतं. न्हाव्याने "बसा, एकच डोकं राहिलंय" म्हणावं, तशातली गत. माझ्या नवऱ्याला तर बाजारात 'येतोयशेठ' म्हणतात आणि तोही हसून ओ देतो.

मात्र हे वाक्य घरातल्या माणसाला ऐकवायचं नसतं, एवढं आम्ही पाळत होतो.

माझे सासरे, म्हणजे बाबा, जन्मभर एका कंपनीच्या मोठ्या साहेबांची गाडी चालवत. मागे बसलेल्या माणसाच्या कपातला चहा बशीत सांडता कामा नये, हा त्यांचा धर्म. साहेब बदलले, कप बदलले, बाबांनी कुणाची बशी ओली होऊ दिली नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी एक जुनी राखाडी गाडी घेतली आणि दर गुरुवारी ती काढून ते शेजारच्या गावी आपल्या थोरल्या बहिणीकडे जाऊ लागले. तासाभराचा रस्ता. त्यांची आई लवकर गेली तेव्हा ह्या आक्कांनीच त्यांना लहानाचं मोठं केलेलं. आता आक्का पहिल्या मजल्यावर एकट्या राहत. छातीच्या दुखण्यामुळे जिना उतरणं बंद झालेलं, त्यामुळे जायचं ते बाबांनीच.

तिथे दोघं पत्ते खेळत आणि दोघंही राजरोस लबाडी करत. हरून आले की बाबा जेवताना कुरकुरत, "म्हातारी अजून पत्ते मांडीखाली लपवते." जिंकून आले की गप्प जेवत. त्यावरून आम्ही ओळखायचो की आज ह्यांनी लपवले.

त्या वर्षी बाबांनी घर आणि गॅरेजच्या सामाईक फाटकाचा खांब खरवडला. उजवीकडचा आरसा गेला, आणि खांबाच्या नावाने बाबांनी सकाळभर शिमगा केला. खांब गेली वीस वर्षं तिथेच होता. नवऱ्याने नवा आरसा बसवला आणि डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली. आम्ही तिघं बाबांच्याच गाडीतून गेलो. दुसऱ्या कुणाची ती चालवायची टाप नव्हती. मी बऱ्याच दिवसांनी त्या गाडीत मागे बसले होते. रस्त्यावर जरा उंचवटा आला की गाडी खाली, वर, खाली, वर. वळणावर ती अशी झुकायची की मी दाराला चिकटायचे. ब्रेक मारला की नाक जमिनीत खुपसायची.

"बाबा, गाडी फार हेलकावते हो," मी म्हटलं.

"काही हेलकावत नाही. तूच नीट धरून बस."

त्यांना खरंच कळत नव्हतं. ह्या दुखण्याची गंमतच ती आहे, नवरा गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो. शॉक ॲब्सॉर्बर, आमच्या भाषेत शॉकअप, एका दिवसात जात नाही. रोज चिमूटभर जातो, आणि रोज चालवणाऱ्याचा हात रोज चिमूटभर सावरून घेतो. परक्या माणसाला बसवावं, तो पहिल्या वळणाला सांगतो.

दवाखान्यात डॉक्टरांनी बाबांना बाहेर बसवून आम्हाला आत बोलावलं. काचबिंदू. समोरचं दिसतंय, पण दोन्ही कडांनी नजर विझत चाललीय. गेलेलं परत येत नाही, उरलेलं औषधाने टिकवायचं. "गाडी आता बंद करायला हवी," डॉक्टर म्हणाले, "मी त्यांना जपून चालवा एवढंच म्हणालोय. घरच्यांनी समजावलेलं बरं." नवऱ्याने मान डोलावली. येताना गाडी बाबांनीच चालवली. एक सायकलवाला डावीकडून आला तो आम्हा दोघांना दिसला, बाबांना दिसला नाही. सायकलवाल्यानेच ब्रेक मारला म्हणून निभावलं. घर येताच माझा नवरा उतरून सरळ गॅरेजात गेला.

मी त्याला रात्रीपुरती सवलत दिली. सकाळी म्हटलं, "आज बोला."

तो बोलणारही होता, असं अजून मला वाटतं. पण बाबा त्याच्या आधीच गॅरेजवर हजर. माझं बोलणं त्यांना लागलं होतं. "बघ रे, तुझी बायको म्हणते गाडी नाचते."

नवऱ्याने गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार दिला आणि सोडून दिलं. धड गाडी एकदा वर येते, जराशी खाली जाते आणि थांबते. ही वर आली, खाली गेली, पुन्हा वर, पुन्हा खाली, पाळण्यासारखी. मग तो खाली वाकला. मागच्या दोन्ही शॉकअपांच्या अंगावर तेलाचे ओघळ, त्यावर धूळ बसून काळा चिखल झालेला. टायरवर हात फिरवला तर एक जागा गुळगुळीत, पुढची जागा खडबडीत, पुन्हा गुळगुळीत.

आमच्या गॅरेजात एक जुना शॉकअप उभा कापून टेबलावर ठेवलाय, शंकेखोर गिऱ्हाइकांसाठी. नवऱ्याने तो उचलला. बापासमोरही त्याला तो दाखवल्याशिवाय राहवेना.

"खड्ड्याचा धक्का खाते ती स्प्रिंग, बाबा. पण स्प्रिंग एकदा हलली की थांबायचं नाव घेत नाही. तिला गप्प करायचं काम ह्याचं. ह्या नळीत तेल, तेलात हा दट्ट्या, दट्ट्याला ही बारीक भोकं. चाक उसळलं की दट्ट्या तेलातून सरकतो, आणि एवढ्याशा भोकांतून जायला तेलाला वेळ लागतो. तेवढ्यात उसळीचा जोर मरतो. लांबून आलेल्या गाडीचा शॉकअप हाताला कोमट लागतो ना, तो तिथे जिरलेला जोर. तुमच्या शॉकअपांतलं तेल गेलंय. आता चाक रस्त्याला धरून राहत नाही, टपटप उड्या मारतं. ब्रेक लागायलाही जास्त जागा घेतं."

"साहेबाच्या गाडीचे मी किती वेळा बदलून घेतलेत, मला नको शिकवू," बाबा म्हणाले, पण तोंडावर कौतुक होतं. पोरगा आपल्याला शिकवतोय हे त्यांना आवडलं होतं. "एकच बदलून भागेल?"

"जोडीनेच बदलायचे. एका पायात बूट नि एका पायात चप्पल घालून चालता का तुम्ही?"

बाबा खदखदून हसले. "बरं, जोडीने बदल. गुरुवारच्या आत बसव. आक्का वाट बघते."

हा तो क्षण. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी भुवया उडवल्या, म्हणजे बोला. त्याने गाडीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, हातातल्या कापलेल्या शॉकअपकडे पाहिलं. आणि म्हणाला, "ह्या मॉडेलचे इथे मिळत नाहीत, बाबा. पार्ट मागवावा लागेल."

त्याच दुपारी त्याने गाडी मागच्या कोपऱ्यात नेऊन स्टँडवर चढवली, मागची चाकं काढली, दोन्ही जुने शॉकअप सोडवून भंगारात टाकले. आता ती गाडी कुणी मनात आणलं तरी हलणार नव्हती.

मी जेवायला वाढलंच नाही आधी. "हे काय करून ठेवलंत?"

"त्यांना दिसत नाही. कुणाला तरी उडवतील, नाहीतर स्वतः जातील."

"मग तसं सांगा ना! डोळ्यांचं दुखणं शॉकअपवर काय ढकलता?"

"तू ओळखत नाहीस त्यांना. गाडी सोडा म्हटलं तर ते मनाने खचतील. दोन-तीन महिने गाडी अशीच राहू दे. सवय सुटेल हळूहळू."

"सवय सुटेल म्हणे! बहीण काय विडी आहे का?"

तो चिडला. वाईट माणूस नाही तो. सापाला घाबरत नाही, पोलिसाला घाबरत नाही. फक्त बापाच्या डोळ्याला डोळा भिडवून खरं बोलायचं म्हटलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटते. आणि खोटं तर ओठांवर तयारच होतं, रोज वापरून गुळगुळीत झालेलं.

पहिला गुरुवार गेला. बाबांनी विचारलं, "आला का रे पार्ट?" "येतोय बाबा, पुढच्या आठवड्यात." पुढच्या आठवड्यात त्याने सांगितलं, चुकीचा आला, परत पाठवला. मग गोदामात माल संपलाय. मग गाडीत चढलाय, पण गाडी वाटेत अडकलीय. एकेक कारण इतकं चपखल की मलाच कधीकधी वाटे, खरंच कुठेतरी एक खोकं आमच्या दिशेने निघालंय.

बाबा रोज सकाळी गॅरेजवर येत. स्टूल ओढून आपल्या गाडीजवळ बसत. चाकं नसलेल्या गाडीच्या काचा पुसत. आक्कांशी फोनवर बोलत ते आपल्या खोलीत दार लोटून, तेव्हा आम्हाला काही ऐकू येत नसे. एका रविवारी नवरा त्यांना गिऱ्हाइकाच्या गाडीतून घेऊन गेला. आक्का खूश झाल्या, पण पत्त्यांचा डाव अर्ध्यावर टाकून निघावं लागलं, कारण गाडी मालकाला परत द्यायची होती. "दर रविवारी नेतो तुम्हाला," नवरा म्हणाला होता. त्यानंतरच्या रविवारी एकाचं इंजिन उघडलेलं होतं, त्याच्या पुढच्या रविवारी नवरा तापाने पडला, आणि मग रविवारची गोष्ट निघेनाशी झाली.

एकदा बाबांनी मलाच विचारलं, "कुठून येतोय ग हा पार्ट? एवढा वेळ तर परदेशातून यायला लागत नाही."

खरं काय ते जिभेच्या टोकावर आलं होतं. पण नवरा पलीकडे गाडीखाली होता, त्याचे पाय दिसत होते, आणि ते पाय एकदम हलायचे थांबले. मी म्हटलं, "त्यांनाच विचारा बाबा." बाबांनी विचारलं नाही. त्या रात्री मी नवऱ्याला निक्षून सांगितलं की ह्या महिन्यात तुम्ही बोलला नाहीत तर मी बोलेन. तो म्हणाला, बोलतो. तो खरंच ठरवत होता. आंघोळ करताना त्याची तयारी चालायची, दाराबाहेर मला ऐकू यायचं, "बाबा, जरा बसा, एक बोलायचंय." टॉवेल गुंडाळून बाहेर आला की पुन्हा येतोयशेठ.

आक्का गेल्याचा फोन सकाळी आला. शेजारीण दूध द्यायला गेली, दार उघडलं गेलं नाही. झोपेतच गेल्या होत्या. आम्ही भाड्याच्या गाडीतून गेलो. बाबा पुढच्या सीटवर बसले, हात मांडीवर ठेवून. परक्या ड्रायव्हरने प्रत्येक खड्डा आपटत नेला, त्यांनी त्याला एका शब्दाने टोकलं नाही. आक्कांच्या खोलीत खिडकीजवळच्या टेबलावर दोघांचे पत्ते वाटून ठेवलेले होते, तो रविवारचा अर्धा डाव. आक्कांनी धूळ पुसताना तेवढी जागा सोडून पुसलेली. नवऱ्याने ते पाहिलं आणि जिन्यात जाऊन भिंतीला डोकं टेकून उभा राहिला.

सगळं आटोपून आम्ही परत आलो. बाबा पूर्वीसारखेच जेवत, पेपर वाचत, डोळ्यांत औषध घालत. गॅरेजवर यायचे मात्र थांबले. नवरा मला म्हणाला, "आता काय सांगायचं? आता सांगितलं तर ते मला..." मला त्याचा राग आला होता आणि त्याची दयाही येत होती, आणि त्यातलं आधी काय बाहेर काढावं ते कळत नव्हतं.

एका सकाळी बाबा चहा पिऊन उठले, चपला घातल्या आणि मला म्हणाले, "जरा स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन येतो. तो पार्ट रद्द करून टाकतो. आता मला कुठे जायचंय गाडी घेऊन? आज ना उद्या माल येऊन पडेल आणि पोराच्या गळ्यात नसती अडगळ येईल. त्याला संकोच वाटेल नाही म्हणायला, मीच सांगतो."

मी "बाबा, थांबा" म्हटलं. "त्यांना विचारून घ्या आधी" म्हटलं. "कशाला, तो कामात आहे," म्हणत ते गेलेसुद्धा. मी धावत गॅरेजवर गेले. नवरा गाडीखालून बाहेर आला, मी सांगितलं. त्याने दुकानदाराला फोन लावला, तो लागला अर्ध्या तासाने. दुकानदार म्हणाला, "तुझे वडील ना? आत्ताच गेले की घेऊन."

बाबा आले ते दोन्ही काखांत एकेक लांबट खोकं घेऊन. फाटकातून आत येताना त्यांचा खांदा खांबाला घासला. घाम आला होता. त्यांनी दोन्ही खोकी काउंटरवर ठेवली, रुमालाने मान पुसली आणि स्टुलावर बसले.

"मी रद्द करा म्हटलं तर तो म्हणतो, कसली ऑर्डर? ह्या गाडीचे तर कायम फळीवर असतात. केव्हाही या."

नवरा उभाच होता. हातातला पाना खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही. "बाबा," तो म्हणाला, "डॉक्टर म्हणाले होते... तुमची नजर..."

"नजरेचं मला ठाऊक आहे. डोळे माझे आहेत."

"मला सांगवेना तुम्हाला. गाडी सोडा म्हणायला तोंड उघडेना. वाटलं, आपोआप..."

"सांगितलं असतंस तर भांडलो असतो," बाबा म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता, हवापाण्याबद्दल बोलावं तसे बोलत होते. "चार शिव्या घातल्या असत्या. महिनाभर तुझ्याशी अबोला धरला असता. आणि गुरुवारी स्टँडवर जाऊन बस पकडली असती. तासातासाला बस सुटते तिकडे."

नवऱ्याला रडू फुटलं. एवढा मोठा बाप्या, तेलाने माखलेल्या हातांनी तोंड झाकून रडत होता आणि गालांवर काळे पट्टे उमटत होते. "चुकलं बाबा," एवढंच तो म्हणत राहिला.

बाबांनी त्याला रडू दिलं. मग आपल्या गुडघ्यांकडे बघत म्हणाले, "आक्का दर फोनला सांगायची, अरे, बसने ये. मी म्हणायचो, कशाला, ह्या आठवड्यात गाडी होतेय. शेवटच्या फोनला ती म्हणाली, गॅरेजवाल्यांचं कधी काही खरं असतं का? मला राग आला. मी म्हटलं, गॅरेजवाला असेल तो जगाला. मला खोटं सांगणार नाही तो. आणि फोन ठेवून दिला."